जीभ, नळी, वजडी, काळीज: बड्याच्या मागे पडलेल्या भागांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५. हद्द आणि हिशेब

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच आणि वळू, बैल यांच्या कत्तलीला मार्च २०१५ पासून बंदी आहे. म्हणून या नोंदींत बीफ म्हणजे म्हैस-रेड्याचं मांस, बाजाराच्या भाषेत 'बड्याचं'. दुकान कुर्ल्याचं, स्वयंपाकघर आठ मोठ्या माणसांच्या मेसचं. इथे आठवड्यात दोनदा बडं शिजतं आणि दोन्ही वेळा तेच ते: पुठ्ठा (मागच्या भागाचं मांस), रान (मांडी), नाहीतर खिमा. अंडरकट, म्हणजे कण्याखालचं मऊ मांस, हॉटेलवाले पहाटेच उचलतात. मागे राहतात नळी (पायाचं मज्जेचं हाड, मांसासकट), काळीज, दिल, जीभ, वजडी (जनावराचं पोट), पाया, शेपूट. फेब्रुवारीअखेरपर्यंत दर आठवड्याला यातला एक भाग घ्यायचा, त्याचं पूर्ण ताट लावायचं आणि वजनं लिहायची.

वजन तीनदा: दुकानातून आणल्यावर, साफ केल्यावर, शिजवून हाड काढल्यावर. भाव पहिल्या वजनाचा असतो, पोट तिसऱ्यावर भरतं. स्वस्त म्हणून आणलेली शेपूट या हिशेबात पुठ्ठ्याच्या शेजारी येऊन बसू शकते, हे आधीच ध्यानात ठेवलं आहे.

वरची मर्यादा: जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवण्याचा आहे. म्हणून एका जेवणात माणशी १२० ग्रॅमपेक्षा जास्त नाही, दोनच जेवणं. बाकी दिवस डाळ, अंडी, मासे.

भेजा यादीतून काढला. १०० ग्रॅमला कोलेस्टेरॉल ३००० मिलिग्रॅमच्या घरात, आणि मेसमध्ये तिघांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू.

पहिलाच घोळ शब्दाचा झाला. मराठीत काळीज म्हटलं की गाण्यात ते हृदय आणि मांसाच्या दुकानात यकृत. चिठ्ठीवर 'काळीज' आणि 'हृदय' असं लिहून दिलं होतं, पिशवीत दोन्हीकडे कलेजीच आली. दुकानात मागायचं ते असं: यकृत हवं तर कलेजी, हृदय हवं तर दिल, जीभ म्हणजे जबान, शेपूट म्हणजे दुम, प्लीहा म्हणजे तिल्ली, मूत्रपिंड म्हणजे गुर्दा, नळीवरचं मांस म्हणजे बोंग, कास म्हणजे खिरी. वजडी आणि पाया मराठी-हिंदी दोन्हींत कळतं.

रविवार, ५ जानेवारी. नळी

आणलं अडीच किलो, हाडासकट, ४ सेंटिमीटरचे गोल तुकडे. करवतीने कापलेले घ्यावेत. सत्तूरने तोडलेल्या नळीत हाडाच्या कपच्या उरतात आणि त्या रश्श्यात दिसत नाहीत, दाताखाली येतात. करवतीचा हाडाचा भुसा मात्र वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून काढावा लागतो, नाहीतर रस्सा राखाडी होतो.

१० लिटरचा कुकर, दोन-तृतीयांशाच्या वर भरला नाही. तुकडे कोरडे पुसून दोन खेपांत तेलात तांबूस केले. एकदम घातले की पाणी सुटतं आणि मांस परतायच्या ऐवजी उकडतं. मग कांदा अर्धा किलो, आलं-लसूण ६० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला तीन मोठे चमचे, हळद, मीठ, पाणी दीड लिटर.

पहिली शिट्टी झाल्यावर बारीक आच, ३० मिनिटं. उघडलं तर मांस कडेने सुटलेलं, पण मधला पांढरा पडदा आणि शिरा रबरासारख्या. पुन्हा बंद करून २५ मिनिटं. तेव्हा बोटाने तुटलं.

कारण असं. नळीचा स्नायू जनावराचं वजन आयुष्यभर उचलतो, म्हणून त्यात कोलॅजन भरपूर. कोलॅजन ६०–६५ अंशांना आकसतं, तिथे मांस सर्वांत चिवट लागतं. त्यापुढे ते ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून तासाभरात जमतं. उघड्या पातेल्यात तीन-चार तास लागतात. जनावर म्हातारं असेल तर कोलॅजनचे धागे एकमेकांत जास्त गुंतलेले असतात. तबेल्यातून दूध आटलं म्हणून निघालेली म्हैस आणि तीन वर्षांचा रेडा यांची वेळ एक नसते. म्हणून शिट्ट्या मोजणं सोडलं. पहिल्या शिट्टीनंतर मिनिटं मोजायची, ५० मिनिटांनी उघडून पडदा चिमटून बघायचा.

शेवटी येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) चार चमचे पाण्यात कालवून लावलं, पाच मिनिटं उकळी. येसराने रस्सा धरतो आणि खोबऱ्याचं वाटण निम्म्यावर येतं. नळीच्या मज्जेतून तूप सुटतंच, त्यावर खोबरं म्हणजे ताट जड.

तिसरं वजन ९५० ग्रॅम, माणशी १२० ला थोडं कमी. ताट: ज्वारीची भाकरी दीड, मुळ्याची कोशिंबीर, चाकवताची पातळ भाजी, लिंबू. भात लावला नाही. भात असला की रस्सा दुप्पट लागतो आणि रश्श्याबरोबर तेल.

मंगळवार, ७ जानेवारी. ताजं म्हणजे काय

रविवारच्या नळीतले दोन तुकडे आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकले होते. आज शिजवले तर त्यांना २० मिनिटं जास्त लागली. पहाटे कापलेल्या जनावराचं मांस सकाळी ताठरत असतं. त्या अवस्थेत ते गोठवलं की स्नायू आकसलेलाच राहतो, वितळताना आणखी आकसतो आणि पाणी टाकतो. आधी साध्या फ्रिजमध्ये, ४ अंशांवर, २४ ते ४८ तास झाकून ठेवायचं आणि मग गोठवायचं.

अवयवांना हा नियम उलटा. काळीज, दिल, वजडी यांना ठेवून मऊपणा येत नाही, फक्त वास येतो. त्याच दिवशी शिजवायचं. वजडी निदान उकडून ठेवायची.

म्हशीची चरबी पांढरी शुभ्र असते, गाईची पिवळसर. म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, रंग मागे उरत नाही. दुधातही हाच फरक दिसतो. तेव्हा पांढरी चरबी बघून मांस शिळं असेल अशी शंका घ्यायला नको. शिळेपण बघायचं ते चिकटपणात. बोट लावून उचलल्यावर तार आली की परत.

शनिवार–रविवार, ११–१२ जानेवारी. काळीज

८०० ग्रॅम घेतलं. अख्खं काळीज चार-पाच किलोचं असतं, त्यामुळे आपला तुकडा कुठून कापायचा हे सांगता येतं. कडेचा पातळ भाग घ्यावा. मधल्या जाड भागात नळ्या जास्त. नळ्यांकडे बघायला शिकणं हेच यातलं मुख्य काम: पाणथळ जागी चरणाऱ्या म्हशींच्या यकृतात पर्णकृमी होतो, आणि मग पित्तनलिका जाड, पांढऱ्या, कापताना करकरणाऱ्या होतात. अशी कलेजी तपासणीतच बाद व्हायला हवी, पण ती दुकानात दिसली तर घेऊ नये. पिवळसर-हिरवा डाग असेल तर पित्ताशय फुटून लागलेलं पित्त आहे. तेवढा भाग दोन सेंटिमीटर बाहेरून कापून टाकायचा, धुऊन कडूपणा जात नाही.

वरचा पारदर्शक पापुद्रा काढला. कडेला नखाने उचकटून, अंगठा आत सारत सारत निघतो. काळीज थंड असेल तर अख्खा, कोमट असेल तर चिंध्या होऊन. पापुद्रा राहिला की तव्यावर काप वाटीसारखा वळतो आणि मध्ये कच्चा राहतो.

एक सेंटिमीटरचे काप, हळद, मिरपूड, लसूण. मीठ नाही. लोखंडी तवा चांगला तापवून एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दीड. आतलं तापमान ७१ अंश, थर्मामीटरने बघितलं. मीठ आणि लिंबू उतरवल्यावर. आधी मीठ लावलेल्या चाचणीच्या चार कापांनी तव्यावर पाणी सोडलं, रंग धरला नाही. सहा मिनिटं ठेवलेले काप खडूसारखे झाले. ७१ च्या फार पुढे गेलं की काळीज रवाळ होतं आणि लोखंडी वास वर येतो. लोकांना काळीज आवडत नाही म्हणतात त्यातल्या बऱ्याच जणांनी खडूच खाल्लेला असतो.

ताटाचं गणित इथे वेगळं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात गाईच्या कच्च्या काळजाचे १०० ग्रॅमचे आकडे असे: प्रथिनं २०.४ ग्रॅम, चरबी ३.६ ग्रॅम, लोह ४.९ मिलिग्रॅम, ब१२ जवळपास ६० मायक्रोग्रॅम, अ जीवनसत्त्व ५००० मायक्रोग्रॅमला टेकलेलं. (या नोंदींतले अवयवांचे सगळे आकडे याच तक्त्याचे, गाईच्या मांसाचे. अंदाज बांधण्यापुरतेच वापरले.) मोठ्या माणसाची अ जीवनसत्त्वाची रोजची सरासरी मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम. म्हणजे काळीज रोजचं अन्न नाही. माणशी कच्चं ९० ग्रॅम, शिजून ६५–७०, आणि तेही आठवड्यात एकदाच. गरोदर बाईला अजिबात नाही, कारण अ जीवनसत्त्वाचा असा मोठा डोस गर्भाला बाधतो. ज्यांचं युरिक ॲसिड चढतं त्यांनीही काळीज, गुर्दा, तिल्ली सोडावं. मेसमध्ये असे एक जण आहेत. त्यांना त्या दिवशी दोन अंडी.

लोहाबद्दल: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९, बाईला २९ मिलिग्रॅम. मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा चांगलं शोषलं जातं, आणि लिंबू-टोमॅटो बरोबर असले की मेथी-बाजरीतलंही जास्त लागू पडतं. म्हणून ताट: बाजरीची भाकरी, मेथीची परतून भाजी, कोबी-टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाची मोठी फोड. जेवणावर चहा नाही, तासाभराने. यावर मेसमध्ये काळजापेक्षा जास्त वाद झाला.

शनिवार, १८ जानेवारी. वजडी, साफसफाई

दोन किलो, न धुतलेली. पांढरी करून ठेवलेली वजडी मिळते, पण ती कशाने पांढरी केली ते विचारून सरळ उत्तर मिळत नाही.

तीन प्रकार एकत्र आले: टॉवेलसारखा लव असलेला मोठा भाग, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि वहीसारखा पानापानांचा भाग. पानांच्या भागात प्रत्येक पानामागे चाऱ्याचा कोंडा आणि वाळू. एकेक पान उलटून धुवायला पाऊण तास गेला. वेळ नसेल तर हा भाग घेऊच नये, अर्धवट धुतलेला तर नाहीच.

काळा थर काढायची खुबी पाण्याच्या तापमानात आहे. चार लिटर पाणी ६५ ते ७० अंशांवर, त्यात खायचा चुना दोन मोठे चमचे. हातमोजे घालून तळहाताएवढा तुकडा ३० सेकंद बुडवायचा, पाटावर पसरून सुरीच्या पाठीने खरवडायचा. बरोबर जमलं तर काळा थर ओल्या कागदाच्या लगद्यासारखा सुरीपुढे गोळा होतो आणि खालून मळकट पिवळी लव निघते. पहिले तीन तुकडे उकळत्या पाण्यात घातले गेले: थर शिजून चिकटला, खरवडताना लवेसकट फाटू लागला. ५० अंशांवर उलट काहीच सुटत नाही. पाणी निवतं, म्हणून पातेलं बारीक आचेवर ठेवून थर्मामीटर त्यातच सोडला.

मग पाच पाण्यांनी धुणं, शेवटच्या दोन पाण्यांत जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ चोळून. चुना जरा जरी राहिला तरी वजडी साबणासारखी लागते. बोटं चोळून बुळबुळीत वाटतं का ते बघायचं.

उघड्या पातेल्यात हळद आणि दोन चमचे व्हिनेगर घालून १५ मिनिटं उकळी, झाकण न ठेवता. हे पाणी फेकायचं. थेट कुकरला लावली की वासाची वाफ आत कोंडते आणि मग कुठल्याही मसाल्याने दबत नाही. खिडकी उघडी, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

रविवार, १९ जानेवारी. वजडी-हरभरा

साफ केलेलं वजन १७०० ग्रॅम, शिजून १०२० ग्रॅम. वजडी इतकी आकसते की तुकडे आगपेटीएवढे कापले तरच ताटात करंगळीच्या पेरापेक्षा मोठे राहतात. कुकरला पहिल्या शिट्टीनंतर ३५ मिनिटं. पानांचा भाग वेगळा, २० मिनिटं; एकत्र शिजवला तर तो विरतो आणि टॉवेल तसाच राहतो.

वजडीत १०० ग्रॅमला ८५ कॅलरी, प्रथिनं १२ ग्रॅम, चरबी ३.७, पण लोह फक्त ०.६ मिलिग्रॅम. प्रथिनंही बरीचशी कोलॅजनची. म्हणून २०० ग्रॅम हरभरे रात्री भिजवून, वेगळे उकडून रश्श्यात सोडले. एकत्र कुकरला लावले असते तर ३५ मिनिटांत पीठ. मसाला काळा, वाटणात भाजलेला कांदा आणि थोडे तीळ. वर पालकाची भाजी आणि कच्चा कांदा. हे ताट आतापर्यंत सर्वांत स्वस्त पडलं, पण शनिवारचे अडीच तास त्यात धरलेले नाहीत.

शनिवार, २५ जानेवारी. जीभ मिठात

एक जीभ, १३०० ग्रॅम. मुळाकडच्या ग्रंथी, चरबीचे गोळे आणि गळ्याची हाडकं कापून ११५० उरली. ताठ ब्रशने मिठाच्या पाण्यात घासली. खरखरीत काट्यांमध्ये चारा अडकलेला असतो.

पद्धत गोव्याची. तिथल्या ख्रिस्ती घरांत मिठात मुरवलेली जीभ सणासुदीला पातळ काप करून वाढतात. रंग गुलाबी राहावा म्हणून जुन्या रीतीत सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालत. इथे घातला नाही. एका जिभेला लागणारी मात्रा इतकी किरकोळ की घरच्या काट्यावर मोजता येत नाही, आणि जास्त झाली तर विषारी. रंग मातकट येईल, चालेल.

जाडं मीठ ६० ग्रॅम, साखर एक चमचा, तीन लिंबांचा रस, ठेचलेली मिरी. काट्याने सगळीकडून टोचून चोळलं. चिनीमातीच्या बरणीत, वर धुतलेला वरवंटा, फ्रिजमध्ये ४ अंशांवर. ॲल्युमिनिअमचं भांडं चालत नाही, मीठ-लिंबाने ते खाल्लं जातं. रोज उलटायची. जुन्या घरांत बरणी बाहेर ठेवत. मुंबईच्या हवेत तसं करू नये, आणि हवाबंद पिशवीतही भरू नये.

बुधवार, २९ जानेवारी. जीभ सोलणं

चार दिवसांनी बरणीत वाटीभर पाणी सुटलेलं. जीभ तीन तास साध्या पाण्यात, दोनदा पाणी बदलून. मग कांदा, तमालपत्र, मिरी घालून कुकरला ५० मिनिटं.

सोलायची ती गरम असतानाच. हातमोज्यांवर थंड पाणी घेत, टोकापाशी सुरीने चीर दिली की पांढरी जाड साल मोज्यासारखी ओढत येते, आतून गुळगुळीत, बाहेरून सांबराच्या कातड्यासारखी. अर्ध्यावर असताना गॅसवरचं दुसरं काम निघालं, दहा मिनिटं गेली. उरलेली अर्धी साल मांसासकट निघाली. ५० ग्रॅमचं नुकसान.

चव: टोक खारट, मुळाकडचा जाड भाग फिका. पुढच्या वेळी मूळ सळईने खोल टोचायचं आणि दोन-तृतीयांश मीठ तिकडेच चोळायचं. काप आडवे, रेषेच्या विरुद्ध, चार मिलिमीटर. मऊपणाला मात्र तोड नाही, पुठ्ठ्याच्या कितीतरी वर.

कच्च्या जिभेत १०० ग्रॅमला २२४ कॅलरी आणि १६ ग्रॅम चरबी. म्हणून माणशी ८५ ग्रॅम पुरे, आणि ताटातून बाकीचं तेल काढलं: पाव, उकडलेला फ्लॉवर-गाजर, काकडीची कोशिंबीर दाण्याच्या कुटाशिवाय. मीठही जिभेतच इतकं आहे की भाजीत घातलं नाही. ज्यांचा रक्तदाब चढा आहे त्यांच्यासाठी पुढच्या वेळी बिनमिठाची जीभ वेगळी उकडायची.

रविवार, २ फेब्रुवारी. पाया

दोन पाये, २२०० ग्रॅम, दुकानातच भाजून आणि केस काढून. घरी खुरांच्या बेचक्या पुन्हा गॅसवर भाजून खरवडाव्या लागल्या. दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकलं, वर आलेला करडा फेस त्यातच गेला. मग कुकरला ९० मिनिटं. झालं की नाही याची परीक्षा: चमचाभर रस्सा फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवायचा. वडीसारखा थरथरला पाहिजे.

पायाच्या रश्श्याबद्दल मेसमध्ये ठाम समज की हाडांतलं कॅल्शियम उतरतं आणि गुडघे भरतात. हाडं उकळून रश्श्यात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. वाटीभर दह्यात त्याहून किती तरी जास्त. जे भरपूर उतरतं ते जिलेटिन. ते प्रथिन आहे खरं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते एकटं पूर्ण प्रथिन होत नाही. डाळीत आणि अंड्यात ट्रिप्टोफॅन असतं. तेव्हा पायाबरोबर मसुरीची घट्ट डाळ आणि माणशी एक उकडलेलं अंडं. पाया हा चवीचा रस्सा धरायचा, मांसाच्या जागी मोजायचा नाही. खाण्याजोगं ४९० ग्रॅम निघालं, बाकी हाडं.

रस्सा रात्रभर गार करून वरची चरबी उचलली, मोठी वाटी भरून.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दिल

१४०० ग्रॅम. उभं चिरून आतल्या रक्ताच्या गाठी धुतल्या. झडपा, पांढऱ्या दोऱ्या, बाहेरची चरबी काढून ११००. हे सगळं मांस स्नायूच आहे, १०० ग्रॅमला प्रथिनं १७.७, चरबी ३.९, लोह ४.३ मिलिग्रॅम, आणि काळजासारखा वास नाही. नव्या माणसाला सुरुवात इथूनच करून द्यावी.

दोन चाचण्या. खांद्याच्या एक किलो मांसात ४५० ग्रॅम दिल मिसळून खिमा: जेवणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. निम्मं-निम्मं केलेला वाटीभर खिमा मात्र दाताखाली उसळत होता. दिलाचा धागा घट्ट आणि चरबी कमी, म्हणून तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नये. खिम्याला झाकण ठेवून, पाणी घालून अर्धा तास लागतोच. जोडीला मटार आणि शेपू.

उरलेलं दिल पाच मिलिमीटरचे काप करून लिंबू-आलं-मिरचीत अर्धा तास, कडक तव्यावर एकेका बाजूने दीड मिनिट. दोन मिनिटांच्या पुढे गेलं की चप्पल. तिथे अडकलंच तर मग थेट कुकर, ४० मिनिटं. मधली वाट नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. तिल्ली, थोडक्यात

१०० ग्रॅमला लोह ४४ मिलिग्रॅमच्या वर, यादीत सर्वांत जास्त. पोत साकळलेल्या रक्तासारखा, एकटी कोणी खाल्ली नाही. २५० ग्रॅम तिल्ली बारीक चिरून खिम्यात, माणशी ३० ग्रॅम. रंग काळपट आला, चव चालली. थॅलेसेमियासाठी रक्त चढवावं लागतं किंवा शरीरात लोह साठतं अशांना देऊ नये.

रविवार, १६ फेब्रुवारी. शेपूट

"चाचा, दुम जोड पे काटना, हड्डी पे नहीं," हे दोनदा सांगूनही चार तुकडे हाडावरच तोडलेले आले. घरी कापायची तर शेपूट वाकवून अंगठ्याने दाबत जायचं, जिथे अंगठा आत जातो तिथे सांधा. सुरी न जोर लावता उतरते. टोकाचे बारीक तुकडे रश्श्यालाच.

१५०० ग्रॅमचं खाण्याजोगं ५२० ग्रॅम, आणि गार केल्यावर वरून १८० ग्रॅम चरबी निघाली. त्याच दिवशी गरम वाढलं असतं तर ती सगळी ताटात गेली असती. म्हणून शेपूट आदल्या दिवशी शिजवायची, ६५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी चरबी उचलून फोडणी. माणशी ६५ ग्रॅम मांस कमी पडतं, म्हणून हुलग्याचं पिठलं बरोबर. चव नळीच्या वर. तिसऱ्या वजनाने आणि गॅसने मोजलं तर पुठ्ठ्यापेक्षा महाग. सणाला ठीक.

शनिवार, २२ फेब्रुवारी. चान्या

मराठवाडा-विदर्भातल्या दलित वस्त्यांमध्ये एकदम आलेलं मांस टिकवायची ही रीत: लांब पट्ट्या, मीठ, उन्हात दोरीवर. तिथल्या कोरड्या उन्हात तीन-चार दिवसांत लाकूड होतं. मुंबईत गच्चीवर टांगलेल्या चाचणीच्या पट्ट्यांवर दुसऱ्या सकाळी दमट हवेने ओल आली, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. सगळ्या टाकल्या.

दुसरी खेप ओव्हनमध्ये. मानेचं मांस १ किलो, चरबी काटेकोर काढून. चरबी वाळत नाही, खवट होते. रेषेच्या दिशेने एक सेंटिमीटर जाड पट्ट्या, मीठ ३५ ग्रॅम, हळद. आधी वाफेवर आतलं तापमान ७१ अंशांपर्यंत नेलं आणि मगच ७० अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून, नऊ तास. आधी न तापवता वाळवलं तर जंतू मरायच्या आधी वाळून टिकून राहतात. ३३० ग्रॅम निघाल्या. वाकवल्यावर तडा गेला पाहिजे, रबरासारखी वळली तर अजून दोन तास. बरणी फ्रिजमध्ये.

खायला: माणशी २० ग्रॅम, निखाऱ्यावर भाजून, कुटून, तुरीच्या डाळीत. मीठ डाळीत घालायचं नाही. एवढ्याशा मांसात आठ माणसांची डाळ उभी राहते.

रविवार, २३ फेब्रुवारी. बाजाराची खबर

यंदा रमजान २ मार्चच्या आसपास लागतो. निहारीसाठी बोंग आणि पाये तेव्हा सकाळी नऊच्या आत संपतात आणि भावही चढतो. महिनाभर नळी-पाया बंद. दिल आठवड्याला, काळीज पंधरवड्याला, वजडी महिन्यातून एकदा. जीभ शुक्रवारीच सांगून ठेवायची, दोन. सोलायला या वेळी दोन माणसं.